नव्वद मिनिटांची कॅसेट: जुन्या डिस्को आणि पॉप गाण्यांची मिक्सटेप कशी भरावी

१९७५ ते १९८५ या काळातली डिस्को आणि पॉप गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून ती एका सी-९० कॅसेटवर (दोन बाजू, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या) कशी भरावीत, याची सगळी कृती पुढे दिली आहे. काम वाटते त्यापेक्षा चिकाटीचे आहे. गाणी निवडायला एक संध्याकाळ पुरते, पण योग्य ध्वनिमुद्रणे शोधणे, त्यांची लय मोजणे, मिनिटांचा हिशेब जुळवणे आणि प्रत्यक्ष कॅसेट भरणे यांत शनिवार-रविवार सहज जातो. ज्यांच्याकडे कॅसेट डेक, म्हणजे कॅसेट भरण्या-वाजवण्याचे यंत्र, नाही, त्यांनी डेकशी संबंधित भाग सोडून बाकी सर्व कृती तशीच करावी आणि प्रत्येकी ४५ मिनिटांच्या दोन फाइली तयार कराव्यात. मर्यादा मात्र तीच ठेवावी, कारण फोनवरच्या शंभर-दीडशे गाण्यांच्या याद्या कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही आणि त्यांत एक गाणे अर्ध्यावर येते न येते तोच पुढचे लावले जाते.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. ऐंशीच्या दशकात शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही कॅसेट भरून देणारी दुकाने होती. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून ती कोऱ्या कॅसेटसह दुकानात द्यायची आणि काही दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, अशी पद्धत होती. त्या कॅसेटींत गाणी यादीत लिहिलेल्या क्रमानेच येत, कारण कोणते गाणे कोणत्या गाण्यानंतर शोभते याच्याशी दुकानदाराला देणेघेणे नसे, आणि बाजू संपली की शेवटचे गाणे अंतऱ्यातच तुटे. पुढची बरीचशी कृती या दोन दोषांवरचा इलाज आहे.

कोणासाठी आणि कोणत्या वर्षांची

माणसाला उतारवयात सर्वांत लख्ख आठवतात त्या गोष्टी बहुधा वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या असतात, हे मानसशास्त्रातले प्रस्थापित निरीक्षण आहे आणि गाण्यांना ते विशेष लागू पडते. म्हणून ऐकणाऱ्याच्या जन्मसालात दहा मिळवून सुरुवात करावी आणि तिथून पंधरा वर्षे पुढे जावे. १९६५ साली जन्मलेल्या मोठ्या बहिणीसाठी कॅसेट भरायची असेल, तर १९७५ ते १९९० हा पट्टा मिळतो. मात्र परदेशी गाणे निघाल्यापासून आपल्या घरात वाजेपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जात असत, तेवढी सवलत धरावी. १९७८ साली युरोपात गाजलेले गाणे कोणाच्या आठवणीत १९८० च्या गॅदरिंगचे म्हणून असेल, तर आपल्या कामापुरते ते १९८० चेच समजावे.

यादी करण्यापूर्वी त्या व्यक्तीला आवडती गाणी विचारू नयेत, कारण उत्तरादाखल सर्वांना ठाऊक असलेली तीच दहा गाणी येतात. त्याऐवजी गाणी कुठे ऐकली होती ते विचारावे. आखातातून सुट्टीवर आलेल्या मामाने आणलेल्या टू-इन-वनवर काय वाजत असे, गणपतीच्या मंडपात आरती झाल्यावर लाउडस्पीकरवर काय लागे, कॉलेजच्या गॅदरिंगला कोणत्या गाण्यावर नाच बसवला होता, गोव्यात असाल तर जहाजावरून परतलेल्या शेजाऱ्याच्या घरातून कोणत्या रेकॉर्डींचे सूर येत असत. अशा प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांतून जी गाणी निघतात, ती कोणत्याही तयार यादीत एकत्र सापडत नाहीत.

चाळीसेक गाणी लिहून काढावीत आणि त्यांतली बावीस ते चोवीस ठेवावीत. खोडताना एक कसोटी फार उपयोगी पडते. जे गाणे गेल्या काही वर्षांत प्रत्येक लग्नाच्या संगीत समारंभात आणि प्रत्येक रिॲलिटी शोमध्ये वाजले आहे, त्याच्यावरची जुनी आठवण बरीचशी पुसली गेलेली असते. अशी एक-दोनच गाणी ठेवावीत, तीही ऐकणाऱ्याला नाचायला उठवण्यासाठी. उरलेल्या जागा ज्या गाण्याचे नाव पटकन आठवत नाही पण पहिल्या चार ठोक्यांत जे ओळखू येते, अशा गाण्यांना द्याव्यात.

नेमके तेच ध्वनिमुद्रण

मिक्सटेप बिघडते ती बहुतेक वेळा इथे. आपण म्हणतो की अमुक गाणे आठवते, पण कानात बसलेले असते ते त्या गाण्याचे एक विशिष्ट ध्वनिमुद्रण: तोच आरंभ, तीच लांबी, तोच आवाजाचा पोत. त्या काळातल्या डिस्को गाण्यांची एकाहून अधिक रूपे उपलब्ध आहेत आणि चुकीचे रूप घेतले तर ऐकणारा तोंडाने काही बोलत नाही, पण गाण्याशी त्याचे जुळत नाही.

सर्वांत मोठा फरक सात इंची आणि बारा इंची रेकॉर्डचा. रेडिओसाठी सात इंची रेकॉर्डवर तीन-साडेतीन मिनिटांचे रूप निघे, आणि क्लबसाठी तेच गाणे बारा इंची रेकॉर्डवर सात-आठ मिनिटांचे होई. ग्राहकांसाठी बारा इंची सिंगल बाजारात आणण्याची सुरुवात अमेरिकेत १९७६ साली सॅलसोल या कंपनीने केली. पण हे रूप घडवण्यामागे ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, त्या टॉम मोल्टन यांची गोष्ट आपल्या विषयाशी अधिक जवळची आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवरील सँडपायपर या नाचाच्या ठिकाणी त्यांनी पाहिले की गाणे रंगात येते तेवढ्यात संपते आणि लोक जागा सोडून निघून जातात. मग त्यांनी घरी बसून गाणी लांबवत आणि एकमेकांत मिसळत ४५ मिनिटांची सलग टेप तयार केली. तिला आपल्याला ८० तास लागले, असे ते सांगत. ४५ मिनिटे म्हणजे आपल्या सी-९० ची बरोबर एक बाजू. आज संगणकामुळे ते काम फार लवकर होते, तरी अंदाज घेताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

‘शिक’ (Chic) या बँडच्या १९७९ सालच्या ‘गुड टाइम्स’चे उदाहरण घ्या. अल्बमवर ते आठ मिनिटांचे आहे आणि सिंगलवर चार मिनिटांहूनही कमी. अल्बममधल्या रूपात मध्येच गायन थांबते आणि बास गिटार, मग एकेक वाद्य असे हळूहळू परत येते. ज्याने ते गाणे नाचताना ऐकले त्याला तो मधला भाग हवाच असतो. ज्याने रेडिओवर ऐकले त्याला तो भाग परका वाटतो आणि आपल्या ४५ मिनिटांतली चार मिनिटे फुकट जातात. आपल्याकडे इंग्रजी गाणी प्रामुख्याने संकलित एलपी आणि कॅसेटींवरून पोचली, त्यामुळे शंका असेल तेव्हा छोटे रूप घ्यावे.

दुसरी अडचण पुन्हा गायलेल्या रूपांची आहे. सत्तरच्या दशकातल्या अनेक कलाकारांनी आपली गाजलेली गाणी पुढे वीस-तीस वर्षांनी संकलनांसाठी नव्याने ध्वनिमुद्रित केली, आणि स्ट्रीमिंगवर ती मूळ गाण्यांच्या शेजारीच, जवळजवळ त्याच मुखपृष्ठासह बसलेली असतात. ओळखण्याची खूण ढोलाच्या आवाजात असते. मूळ गाण्यात ठोका कोरडा आणि जवळून वाजल्यासारखा येतो, तर नव्या रूपात तो गोलसर आणि घुमणारा असतो, गायकाचा आवाज किंचित जाड झालेला असतो आणि मागची व्हायोलिने कीबोर्डवर वाजवलेली असतात. बोनी एमच्या बाबतीत तर नंतरची रीमिक्स इतकी पसरली आहेत की मूळ रूप मुद्दाम शोधावे लागते. अल्बमचे नाव आणि प्रकाशनाचे साल पाहावे, आणि शक्य असेल तर जुन्या एलपीवर छापलेल्या लांबीशी ताडून पाहावे.

हिंदी गाण्यांचा घोळ वेगळा आहे. चित्रपटात ऐकू येणारे गाणे आणि रेकॉर्डवरचे गाणे यांची लांबी, कडव्यांची संख्या आणि कधी कधी वाद्यमेळही वेगळा असतो. त्यात पुढे झंकार बीट्सची लाट आली आणि जुन्या गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ढोलाचा जादा ठेका चढवून ती पुन्हा विकली गेली. जाणकार मंडळी झंकारला नाके मुरडतात. पण एखाद्याने ते गाणे एसटीच्या थांब्यावरच्या टपरीत किंवा वडापच्या जीपमध्ये झंकारसहच पहिल्यांदा ऐकले असेल, तर त्याच्या कॅसेटवर झंकारच भरावे. इथे आपल्या अभिरुचीचा संबंध नाही.

एक अपवाद मी नेहमी करतो. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटाचे बाकीचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे असले तरी नाझिया हसन यांनी गायलेले ‘आप जैसा कोई’ हे बेंगळूरुत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या बिड्डू यांनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. त्या काळच्या मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाशेजारी ते ठेवले की बास आणि ढोल इतके स्वच्छ सुटे ऐकू येतात की फरक कोणालाही कळतो. या गाण्याची चांगली प्रत मिळेपर्यंत थांबावे. घासलेल्या प्रतीवर त्याचे निम्मे वैशिष्ट्य नाहीसे होते.

स्वतःच्या एलपीवरून गाणी उतरवायची असतील, तर टर्नटेबलचा आवाज फोनो प्रीॲम्पमधूनच (रेकॉर्डचा क्षीण आवाज वाढवून बास पूर्ववत करणारे यंत्र) संगणकात घ्यावा, नाहीतर बास पार नाहीसा होतो आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा चिरका येतो. रेकॉर्ड आधी धुऊन, कार्बन फायबरच्या ब्रशने पुसून घ्यावी. टिकटिक काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा वापर अगदी हलका ठेवावा, कारण डिस्कोतल्या टाळ्या आणि झांजा त्या यंत्राला खरखरीसारख्याच दिसतात.

लय, पट्टी आणि सांधे

गाणी जमल्यावर प्रत्येकाची लय मोजावी. घड्याळ लावून तीस सेकंदांत ढोलाचे ठोके किती पडतात ते मोजावे आणि दुप्पट करावी. आलेला आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके, ज्याला बीपीएम म्हणतात. डिस्कोत हे सोपे जाते, कारण मोठा ढोल चारही मात्रांवर सारखा पडतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी किंवा स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ढोल) असतो आणि दोन ठोक्यांच्या मधोमध उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी) ‘च्स’ करते. पॉप गाण्यात ढोल सारखा नसतो, तिथे टाळीची जागा धरून मोजावे.

अंदाजासाठी काही आकडे देतो. ॲबाचे ‘डान्सिंग क्वीन’ (१९७६) सुमारे १०१, बी जीजचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९७७) सुमारे १०४, ‘गुड टाइम्स’ सुमारे १११, ग्लोरिया गेनर यांचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ (१९७८) आणि मायकल जॅक्सन यांचे ‘बिली जीन’ (१९८२) दोन्ही सुमारे ११७, ‘शिक’चे ‘ल फ्रीक’ (१९७८) सुमारे १२०. यांपैकी ‘स्टेइंग अलाइव्ह’ची लय आरंभापासून शेवटपर्यंत जराही हलत नाही, कारण त्यांचा ढोलवादक घरच्या अडचणीमुळे गेला असता ‘नाइट फीव्हर’ या गाण्यातल्या दोन आवर्तनांच्या ढोलाची टेप कापून तिचे वेटोळे केले गेले आणि तेच पूर्ण गाणेभर फिरवले गेले. बाकीच्या बहुतेक गाण्यांत माणूस ढोल वाजवत असल्याने लय पोटात किंचित चढते-उतरते. म्हणून लय आरंभी एकदा आणि शेवटी एकदा अशी दोनदा मोजावी, आणि सांधा जुळवताना आधीच्या गाण्याच्या शेवटचा व पुढच्या गाण्याच्या आरंभीचा आकडा वापरावा.

दोन गाण्यांची लय तीन टक्क्यांच्या आत असेल, तर एकाची गती थोडी बदलून ठोक्यावर ठोका बसवता येतो. ११७ चे गाणे १२० वर न्यायचे तर वाढ सुमारे अडीच टक्के, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. १०४ वरून १११ वर जायचे तर वाढ पावणेसात टक्के होते, आणि टेपची किंवा रेकॉर्डची गती सहा टक्क्यांनी वाढवली की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी एकमधले गाणे लगतच्या काळी एकमध्ये जाते. गायकाचा आवाज लगेच पोरकट वाटू लागतो. सूर न बदलता गती बदलणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जुन्या ध्वनिमुद्रणातल्या झांजांना त्यांच्यामुळे पाण्यातून आल्यासारखा फेसाळ आवाज येतो. अशा जोडीला लय जुळवण्याच्या फंदात न पडता सरळ कट घ्यावा.

कट घेण्याची जागा म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा. ही गाणी चार मात्रांच्या आवर्तनांत चालतात आणि आठ आवर्तनांनी, म्हणजे बत्तीस ठोक्यांनी, त्यांत काहीतरी बदलते: गायन सुरू होते, व्हायोलिने येतात किंवा ढोल थांबतो. पहिल्या गाण्याचे बत्तीस ठोके पुरे होऊ द्यावेत आणि तेहतिसाव्या ठोक्याच्या जागी पुढच्या गाण्याची सम आणावी. लय वेगळी असली तरी समेवर आलेला कट खटकत नाही, आणि लय बरोबर असूनही समेच्या एक मात्रा अलीकडे-पलीकडे आलेला कट नाचणाऱ्याचा पाय अडखळवतो.

पट्टीही पाहावी. हार्मोनियमवर किंवा फोनवरच्या तानपुऱ्याच्या ॲपवर गाण्याचा षड्ज शोधून यादीत लिहावा. मिसळून जोडायची दोन गाणी एकाच पट्टीत असतील तर उत्तम, आणि पांढरी एकनंतर पांढरी चार किंवा पांढरी पाच आली तरी षड्ज-मध्यम, षड्ज-पंचमाचे नाते असल्याने कानाला ते पटते. पांढरी एकवर काळी एक मिसळली तर तेवढे आठ-दहा सेकंद घरात दोन रेडिओ लागल्यासारखे वाटते. केवळ कट घ्यायचा असेल तर पट्टीची फारशी चिंता नको, उलट अर्धा स्वर वर चढणारा कट अंगात उत्साहच आणतो.

बारा इंची रूपांच्या आरंभी आणि शेवटी नुसता ढोल असतो, तो मिसळणे सोपे जावे म्हणूनच ठेवलेला असतो. हिंदी चित्रपटगीतांत ही सोय नाही. तिथे आरंभी ठेका सोडून वाजणारा वाद्यमेळ, एखादा संवाद किंवा गर्दीचा गलका येतो, आणि मुखडा व अंतरा यांच्यामध्ये म्युझिक पीस असतो. हिंदी गाण्यातून बाहेर पडायचे तर शेवटचा मुखडा होऊ द्यावा आणि आवाज विरत जाण्यापूर्वीच्या पीसवर पुढचे गाणे आणावे. हिंदी गाण्यात प्रवेश करताना मात्र त्याचा आरंभ कधीही झाकू नये. त्या विचित्र आरंभानेच गाणे ओळखले जाते.

सगळेच सांधे मिसळलेले नसावेत. बाजूला अकरा-बारा गाणी असतील तर तीन-चार मिसळी, तितकेच कट, आणि बाकी ठिकाणी दोन सेकंदांची शांतता पुरते. सलग ४५ मिनिटे एकच ठेका चालू राहिला तर घरी बसून ऐकणारा थकतो.

क्रम आणि मिनिटांचा हिशेब

ए साइड नाचाची आणि बी साइड पॉपची, म्हणजे जरा सैल, रात्री उशिराची, ही वाटणी मला सर्वांत चांगली वाटते. ए साइड शंभरच्या आसपासच्या लयीने उघडून हळूहळू १२० पर्यंत न्यावी, आणि शेवटच्या दोन गाण्यांत पुन्हा खाली आणावी. सर्वांत लाडके गाणे पहिले ठेवू नये. ते तिसरे किंवा चौथे ठेवावे, तोवर ऐकणारा स्थिर बसलेला असतो.

हिंदी आणि इंग्रजी गाणी एकाआड एक लावण्याचा मोह होतो. तो आवरून दोन-तीन गाण्यांचे गट करावेत, कारण दर चार मिनिटांनी भाषा बदलली की कानाला प्रत्येक वेळी नव्याने बस्तान मांडावे लागते. मूळ परदेशी गाणे आणि त्याच्या चालीवर बेतलेले हिंदी गाणे लागोपाठ ठेवणे तर टाळावेच. पहिल्यांदा हसू येते आणि नंतर ती जोडी नुसती पुराव्यासारखी वाटते. इरप्शनचे ‘वन वे तिकीट’ (१९७८) आणि ‘प्यारा दुश्मन’ (१९८०) मधले उषा उथुप यांचे ‘हरि ओम हरि’, किंवा ओटावानचे ‘ते ओके’ आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधले ‘जिमी जिमी’ अशा जोड्यांसाठी कॅसेटमध्ये एक खास जागा आहे. ए साइडच्या ज्या ठिकाणी रीळ दहा मिनिटे पुढे गेलेले असते, तेच ठिकाण कॅसेट उलटली की बी साइडच्या पस्तिसाव्या मिनिटाचे असते. मूळ गाणे ए साइडच्या दहाव्या मिनिटावर आणि त्याचे हिंदी भावंड बी साइडच्या पस्तिसाव्या मिनिटावर बसवले, तर गाणे चालू असताना कॅसेट काढून उलटी घातली की दुसरे गाणे सुरू होते. कॅसेट न काढता बाजू बदलणाऱ्या ऑटो-रिव्हर्स डेकवर हे एका बटणात होते. फोनच्या यादीत ही गंमत शक्य नाही, आणि कॅसेटचा हट्ट धरायला मला एवढे कारण पुरते.

हिशेबासाठी प्रत्येक गाण्याची लांबी सेकंदांत लिहावी. ४५ मिनिटे म्हणजे २,७०० सेकंद. सी-९० ची बाजू बहुधा मिनिटभर जास्त निघते, पण त्यावर विसंबू नये. समजा अकरा गाण्यांची बेरीज २,६४० झाली, पाच ठिकाणी दोन सेकंदांची शांतता म्हणून १० वाढले, तीन मिसळींत प्रत्येकी आठ सेकंद वाचले म्हणून २४ कमी झाले, तर एकूण २,६२६ सेकंद होतात आणि ७४ शिल्लक राहतात. हे उत्तम आहे. शेवटी अर्ध्या मिनिटाहून कमी उरत असेल, तर एखादे गाणे बदलून छोटे घ्यावे, आणि दोन मिनिटांहून जास्त उरत असेल तर छोटे वाद्यसंगीत टाकावे. बाजूच्या शेवटी लांब रिकामे रीळ सोडले की ऐकणाऱ्याला कॅसेट संपली की बिघडली ते कळत नाही.

या टप्प्यावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजू पूर्ण जोडून ठेवाव्यात. नव्याने मास्टर केलेली गाणी जुन्या सीडीवरच्या गाण्यांपेक्षा खूप मोठ्याने वाजतात, म्हणून प्रत्येक गाण्याला लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून सर्व उणे १६ लुफ्सच्या (LUFS, आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास आणावीत आणि मग यंत्रावर न विसंबता गायकाचा आवाज सगळ्या गाण्यांत सारख्या अंतरावरून येतो का ते कानाने तपासावे.

कॅसेट आणि डेक

सी-६०, सी-९० आणि सी-१२० यांत फरक फक्त वेळेचा नाही. रीळ जितके लांब तितके पातळ, आणि सी-१२० चे रीळ इतके पातळ असते की ते ताणले जाते व यंत्रात गुंतते. ती घेऊच नये. साधी फेरिक म्हणजे टाइप वन कॅसेट या कामाला पुरते. क्रोम म्हणजे टाइप टू मिळाली तर खरखर कमी येते. कोऱ्या कॅसेट आजही फ्रान्स आणि अमेरिकेत तयार होतात आणि ऑनलाइन मिळतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या कॅसेट मिळतात, पण आपल्या पावसाळ्यामुळे त्यांत बुरशी लागलेली असण्याची शक्यता मोठी. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढुरकी भुकटी दिसली, तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये.

आधी भरलेल्या कॅसेटवर चुकून पुन्हा भरले जाऊ नये म्हणून मागच्या कडेची पाती तोडलेली असतील तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावून पुन्हा भरता येते. टाइप टू कॅसेटला त्या खाचेच्या शेजारी आणखी एक खाच असते, तिच्यावरून डेकला कॅसेटचा प्रकार कळतो. ती झाकली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

डेकची सफाई अपरिहार्य आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून रिळाला टेकणारे हेड आणि रीळ ओढणारा धातूचा दांडा, म्हणजे कॅप्स्टन, तपकिरी थर जाईपर्यंत पुसावा. रबरी रोलर हलक्या हाताने पुसून कोरडा करावा. गती तपासण्यासाठी कंपनीची छापील कॅसेट घ्यावी आणि लांबी नक्की ठाऊक असलेले गाणे घड्याळ लावून ऐकावे. तीन मिनिटे ५० सेकंदांचे गाणे चार सेकंद जास्त घेत असेल, तर डेक पावणेदोन टक्के मंद आहे आणि बहुधा त्याचा रबरी बेल्ट सैल झाला आहे. ही तपासणी स्वतः भरलेल्या कॅसेटवर करून उपयोग नाही, कारण मंद डेकवर भरलेली कॅसेट त्याच डेकवर बिनचूक वाजते आणि दुसऱ्याच्या घरी गेली की घाईघाईने गाऊ लागते. भेट द्यायच्या कॅसेटीत नेमका हाच दोष शेवटपर्यंत लपून राहतो. बेल्ट आणि दुरुस्ती करणारे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात शोधावेत.

प्रत्यक्ष भरणे

संगणकाच्या हेडफोनच्या जागेतून डेकच्या लाइन-इनमध्ये केबल जोडावी, माइकच्या जागेत नव्हे. संगणकाचे सर्व सूचनांचे आवाज, इक्वलायझर आणि बास वाढवणाऱ्या सोयी बंद कराव्यात. फोनवरून वाजवत असाल तर तो एरोप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर अंतऱ्याच्या मध्ये कोणाची तरी रिंगटोन कायमची भरली जाते.

कोरी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे रिळाचा ताण सारखा होतो. मग सर्वांत मोठ्या आवाजाच्या गाण्याचा सर्वांत भरगच्च भाग वाजवून पातळी लावावी. टाइप वनवर सुया अधूनमधून शून्य ते अधिक २ डेसिबलपर्यंत जाव्यात. याहून वर नेले तर सुई ढोलाने हलते पण मार बसतो तो हाय-हॅटला: कॅसेटच्या मंद गतीमुळे उंच सूर रिळावर आधी दबले जातात आणि डिस्कोचा तो ‘च्स’ बुजून जातो. फार खाली ठेवले तर खरखर वर येते. मिनिटभर भरून, परत फिरवून, मूळ फाइलशी लागोपाठ ऐकून पाहावे. खरखर कमी करणारा डॉल्बी बी तेव्हाच लावावा, जेव्हा ऐकणाऱ्याच्या यंत्रावरही तो आहे याची खात्री असेल.

रिळाच्या आरंभी पाच-सात सेकंदांची, आवाज न धरणारी पट्टी असते. ती पेन्सिलीने फिरवून पुढे न्यावी, रेकॉर्ड व पॉज एकत्र दाबून ठेवावे, पॉज सोडावा आणि तीन सेकंदांनी फाइल सुरू करावी. त्यानंतर पूर्ण बाजू संपेपर्यंत कशालाही हात लावू नये. गाणी संपल्यावर उरलेले रीळ शांततेतच शेवटपर्यंत भरू द्यावे, म्हणजे जुन्या कॅसेटीवरचे एखादे भाषण किंवा भजन मागून उगवत नाही.

भरलेली कॅसेट दुसऱ्या एखाद्या यंत्रावर पूर्ण ऐकावी आणि मगच मागची पाती तोडावीत. डब्यातल्या कागदावर गाण्याचे नाव आणि कलाकार यांच्यासोबत साल व कोणते रूप घेतले आहे तेही लिहावे. बॉलपेन किंवा बारीक टोकाचे पेन वापरावे. जेल पेनची शाई चकचकीत कागदावर पुसते. कॅसेट टीव्ही आणि स्पीकरपासून दूर, उभी ठेवावी, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावी, आणि वर्षातून एकदा तरी पूर्ण वाजवावी.

कायद्याविषयी थोडे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९८० सालचे गाणे २०४० च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी सवलत आहे, पण प्रती काढून विकणे किंवा पूर्ण मिक्स इंटरनेटवर चढवणे त्या सवलतीत बसत नाही. जोडलेल्या दोन्ही फाइली मात्र गाण्यांच्या यादीसह संगणकावर जपून ठेवाव्यात, म्हणजे एखाद्या यंत्राने कॅसेट चावली तर पुन्हा भरायला फक्त दीड तास आणि एक कोरी सी-९० लागेल.